यार्डात शिवलेल्या नऊ पिशव्या

बहरीनमध्ये, मनामातल्या एका हॉस्पिटलात मी मेडिकल रेकॉर्ड्स सांभाळते. पेशंटशी माझा थेट संबंध येत नाही, येतो तो त्यांच्या फायलींशी. पण मराठीशिवाय धड दुसरं काही न बोलणारं वयस्कर माणूस आलं आणि डॉक्टरांचं अडलं की खालून फोन येतो. मग मी हातातलं काम तसंच ठेवून जाते.

त्या दिवशी हाडांच्या ओपीडीतून फोन आला. वसईहून मुलाकडे आलेल्या एक बाई होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगावर फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात बारीक क्रूस. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मुलगा गाडी लावायला जागा शोधत होता. डॉक्टर इजिप्तचे. त्यांनी विचारलं, हा खांदा फार वापरलेला दिसतो, काय काम करायच्या? मी ते मराठीत विचारलं.

"शिवण," बाई म्हणाल्या.

"घरी शिवायचात?"

"घरी नाय. यार्डात. जहाजं दुरुस्त करतात ना, त्या यार्डात. इथेच, बहरीनला. लढाई चाललेली तेव्हा."

मी डॉक्टरांना सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगा आत आला. चाळिशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्याने शेवटचं वाक्य ऐकलं असावं. "नो, नो, डॉक्टर. हाऊसवाइफ. मम्मी हाऊसवाइफ होती."

बाईंनी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवरची पर्स जवळ ओढून घेतली. डॉक्टरांनी 'हाऊसवाइफ' टाइप केलं. फायलीत एकदा आलं की ते किती वर्षं तसंच राहतं, हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. मला तो शब्द फार लागला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलगा औषधांच्या खिडकीपाशी गेला तेव्हा मी माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हातात दिला. "मावशी, तुमच्या यार्डाचं मला ऐकायचंय. वाटलं तरच फोन करा."

चार दिवसांनी फोन आला, नातीच्या मोबाइलवरून. "बाय, शुक्रवारी ये. चर्चात मिसा झाल्यावर. विचारशील ते सांगेन."

मी बहरीनला आले त्याला एकोणीस वर्षं झाली. नवरा इंजिनिअर, घर मनामाच्या हूरा भागात. इथल्या कुठल्या गल्लीत कढीपत्ता ताजा मिळतो ते मला ठाऊक आहे. पण इराण आणि इराकची लढाई चालू असताना आखातातून तेल नेणाऱ्या जहाजांवर हल्ले व्हायचे, जळकी, भोकं पडलेली जहाजं दुरुस्तीला इथे आणायचे आणि तिथे आपल्याकडच्या बायका काम करत होत्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मुलाचा फ्लॅट जुफैरला, चौदाव्या मजल्यावर. सून नर्स, तिची त्या शुक्रवारी शिफ्ट होती. सोळा वर्षांची नात सोफ्याच्या टोकाला कानांत हेडफोन घालून बसली होती. मी मोबाइल टीपॉयवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "सुरुवातीपासून सांगा, मावशी."

असे पाच शुक्रवार गेले. मावशी बोलायच्या ते व्यवस्थित, एकामागोमाग एक. नवरा यार्डात फिटर. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याने त्यांना इकडे आणलं, मनामाच्या नईम वस्तीत एक खोली घेतली. माहेरी असताना त्या शिलाईच्या कारखान्यात होत्या, जाड कापडाचा हात होता. लढाईची जहाजं यायला लागल्यावर ठेकेदाराला माणसं कमी पडली. कॅनव्हासच्या शेडमध्ये त्याला शिवणारे हात हवे होते. लाइफबोटींवरची आच्छादनं, वेल्डिंगच्या ठिणग्या अडवायचे पडदे, ताडपत्र्या, पट्टे. शेडमध्ये बाया दोनच. एक त्या, दुसरी मंगळूरची, त्यांच्याच वयाची, त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी. बाकी सगळे पुरुष.

"भीती वाटायची?" मी विचारायची.

"कसली भीती? काम होतं. करायचं आणि घरी यायचं."

दर वेळी हेच उत्तर. मी घरी येऊन ऐकायची तेव्हा काहीतरी निसटतंय असं वाटायचं, पण काय ते कळायचं नाही.

एका शुक्रवारी निघताना मुलगा लिफ्टपर्यंत आला. भांडायला नव्हता आला, त्याला खरंच कळत नव्हतं. "याचा काय उपयोग आहे? पप्पांना कधीच आवडलं नाही ते. पैशाची गरज नव्हती असं ते म्हणायचे. गावात आम्ही कुणाला सांगितलं पण नाही."

"का नाही?"

"शेडमध्ये सगळे पुरुष. लोक काय बोलले असते?"

"आणि मावशी काय म्हणतात?"

त्याने लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं, ती आधीच येत होती तरी.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडून घोडचूक झाली. ऑफिसात मोबाइल सारखा 'जागा नाही' म्हणून कुरकुरत होता. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलीत अशा समजुतीने मी सगळी पुसली, मोबाइलमधली कचऱ्याची पेटीही रिकामी केली. संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर तिथे पहिल्या दिवसाची बारा मिनिटं होती. बाकी काही नाही. आयुष्य ज्या बाईने दुसऱ्यांची कागदपत्रं जपण्यात घालवलं तिने हे करावं! हूऱ्यातल्या मोबाइलच्या दुकानात दोन दिवस खेटे घातले. दुकानदाराने सगळे उपाय करून पाहिले आणि फोन काउंटरवर माझ्याकडे सरकवला. "मफी, सिस्टर, काही नाही राहिलं. खलास."

शुक्रवारी मी गेले तेव्हा मावशी स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "मावशी, सगळं पुसलं गेलं. चूक माझी आहे. पाचही शुक्रवार गेले."

त्यांचे हात थांबले नाहीत. दोन कोळंब्या सोलून झाल्या. तिसरी हातात घेऊन त्या म्हणाल्या, "बरं झालं."

"मावशी?"

"त्यातलं अर्धं मी गाळलेलंच. तुझ्या मशिनीसमोर मी पाहुण्यांशी बोलतात तशी बोलत होते." त्यांनी हात धुतले, फ्रॉकला पुसले. "माझ्या व्हिसाचे तीन आठवडे राह्यलेत. आता नीट सांगते. पण तू मधे मधे विचारायचं नाय. भीती वाटली काय नि काय. वाटलं ते मी सांगेन."

मी मोबाइल ठेवला. या वेळी शेजारी दुसरं, खास त्यासाठी आणलेलं यंत्रही ठेवलं. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते आधीच्या पाच शुक्रवारांत नावालाही आलं नव्हतं.

एक जहाज आलं होतं. बाजूला भोक एवढं, की बस आत गेली असती. पण भोकाकडे कुणी पाहत नव्हतं. मागच्या बाजूला खलाशांच्या राहायच्या खोल्या होत्या, त्या धुराने भरून काळ्या झाल्या होत्या. गेलेल्या माणसांना आधीच उतरवून नेलं होतं. जे वाचले ते हॉस्पिटलात होते. खोल्यांमधलं सामान तसंच होतं. ते गोळा करून घरच्यांना पाठवायचं होतं. ठेकेदाराच्या माणसांनी आत जायला नकार दिला. मग फोरमन कॅनव्हासच्या शेडमध्ये आला आणि म्हणाला, हे बायकांचं काम आहे, त्या नीट करतील.

"तेव्हा भ्याले," मावशी म्हणाल्या. "पाय उचलत नव्हता. मंगळूरवालीने माझा हात धरला. ती पण भ्यालेली. पण धरला."

गेलेल्यांच्या नऊ खोल्या. पुठ्ठ्याचे खोके दिले होते, खोक्यांत टाका आणि वर खोलीचा नंबर लिहा, एवढंच सांगितलेलं. खोक्यांना ओल लागली होती, तळ सुटत होते. मावशींनी फोरमनला सांगितलं, असं नाय पाठवायचं. आम्ही पिशव्या शिवतो. तो म्हणाला, वेळ नाही. मावशी म्हणाल्या, तर मग तू भर. तो निघून गेला, आणि या दोघींनी जाड कॅनव्हासच्या नऊ पिशव्या शिवल्या, दुहेरी टीप घालून, तोंडाला दोरी ओवून. दोन दिवस लागले.

एकाच्या खोलीत केसांच्या तेलाची अर्धी बाटली होती. दुसऱ्याकडे लुंगी आणि लहान मुलीचे नवे बूट, डब्यातून न काढलेले. एका उशीखाली पत्र होतं, अर्धवट. अक्षर बंगाली की सिंहली, दोघींनाही कळलं नाही. त्यांनी ते घडी घालून तसंच ठेवलं. आणि कपडे. सगळ्या कपड्यांना धुराचा वास, काहींवर काजळी.

"ते आम्ही घरी नेले," मावशी म्हणाल्या. "सांगितलं नाय कुणाला. दोन खेपा केल्या बसमधून. नईमला आमच्या गच्चीवर धुतले. नळाचं पाणी तेव्हा मचूळ, वाळलं की कापडावर पांढरे डाग. म्हणून प्यायचं गोडं पाणी वापरलं. नवरा ओरडला, प्यायचं पाणी परक्याच्या कपड्यांना? मी म्हटलं, परक्याचे नाय, कुणाच्या तरी पोराचे आहेत. पयलं पाणी शाईसारखं काळं निघालं. तीनदा पाणी बदललं. वाळवले, इस्त्री केली, घड्या घातल्या, पिशव्यांत भरले. यार्डात फोरमनने उघडून बघितलं. दोरी परत ओढून बांधली."

इथे त्या थांबल्या. मी काही विचारलं नाही, कबूल केल्याप्रमाणे. नातीने कधीतरी हेडफोन काढले होते, ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

"मग?" ती म्हणाली. मराठीतच.

"मग काय. गेल्या पिशव्या. आम्ही खूश. चांगलं काम केलं असं वाटलं. खूप वर्षं वाटलं." त्यांनी डाव्या हाताने उजवा खांदा दाबला. "तुझा ग्रँडपा गेला ना, तेव्हा त्याचा शर्ट खुंटीवर होता. घामाचा. तुझ्या मम्मीने मशिनला टाकायला घेतला. मी तिच्या हातातून ओढला. ओरडले तिच्यावर, इतकी कधी ओरडले नव्हते. त्या शर्टाला त्याचा वास होता. तो गेला की काय राहिलं? आणि तिथेच, शर्ट हातात घेऊन उभी असताना माझ्या मनात आलं, आपण काय केलं? त्या नऊ आयांच्या पोरांचा वास आपण धुऊन टाकला. साबण लावून."

नात तिच्या भाषेवर परत गेली. तिने इंग्रजीत विचारलं, की पण नॅना, तो तर धुराचा वास होता ना?

"धुराच्या खाली त्याचा पण असेल," मावशी म्हणाल्या.

मी रेकॉर्डिंग बंद केलं. मावशी उठल्या आणि कोळंबी फोडणीला टाकायला गेल्या. मला जेवूनच जावं लागलं.

गाडीत बसल्यावर मला कळलं की आता हे मावशींपुरतं राहिलेलं नाही. गच्चीवर दोघी होत्या. दुसरीचं काय म्हणणं आहे, ते कुणी विचारायचं?

मंगळूरच्या बाईंशी मावशींचा संपर्क तीस वर्षं नव्हता. पत्ता नाही, फोन नाही. शोधून काढलं ते नातीने. तिने मला न विचारता चर्चच्या ओळखीपाळखीतल्या ग्रुपांवर मेसेज टाकले. अमक्या काळात बहरीनला नईममध्ये राहिलेल्या, यार्डात शिवणकाम केलेल्या मंगळूरच्या आंटी कुणाला माहीत आहेत का? आठ दिवसांत नंबर आला. त्या मंगळुरातच होत्या, मुलीकडे. पाय अधू झाले होते, डोकं शाबूत होतं.

व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मावशींनी केस विंचरले होते आणि कानांत मोती घातले होते. पडद्यावर एक सडपातळ, चष्मेवाल्या बाई दिसल्या. दोघी थोडा वेळ नुसत्या हसल्या, मग रडल्या, मग एकमेकींचे गुडघे, साखर आणि नातवंडं झाली. त्यांचं बोलणं यार्डातल्या मोडक्या हिंदीतून चाललं होतं, मधूनच कोकणी. शेवटी मावशींनी विचारलं, "ते कपडे आपण धुतले ते बरोबर केलं का गं?"

"धुतले ते तुझ्यामुळे," मंगळूरच्या बाई म्हणाल्या. "मी तर नको म्हणत होते."

मावशी ताठ झाल्या. "मी? मी कुठे? तू म्हणालीस, आईच्या हातात असा शर्ट कसा द्यायचा. माझ्या कानांत अजून आहे."

"ते तू म्हणालीस. मी म्हटलं, आहे तसं जाऊ दे. तू ऐकलं नाहीस. गोड्या पाण्याचे कॅन पण तूच आणलेस."

"कॅन मी आणले, ते खरं. पण बोलणं तुझं."

बराच वेळ असं चाललं. आवाज चढले. नात माझ्याकडे बघत होती, आता ही मैत्री इथेच तुटते की काय अशा नजरेने. मग मंगळूरच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "हे बघ. कुणी म्हटलं ते राहू दे. चार हात होते. तुझ्याकडे दोन, माझ्याकडे दोन. चूक असली तर दोघींची वाटून घेऊ."

मावशींनी मान डोलावली. बरोबर की चूक याचं उत्तर त्या कॉलमध्ये मिळालं नाही. पण तो बंद झाल्यावर त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या, आणि इतके आठवडे मी ज्या मावशी पाहत होते त्यांच्यापेक्षा त्या जरा सैल बसल्या होत्या.

मला मोह झाला होता, कबूल करते. दोन साक्षींतली एक निवडावी, गोष्ट एकसारखी करावी. रेकॉर्ड्सवाल्यांना दोन वेगवेगळ्या नोंदी खुपतात. पण मी दोन्ही जशाच्या तशा ठेवल्या. वर फक्त कुणी, कुठून आणि कधी सांगितलं ते लिहिलं.

उरलेल्या दोन शुक्रवारी मावशींनी मला श्वास घेऊ दिला नाही. मनामाच्या बाजारातून जाड कॅनव्हास आणायला लावला. तळहाताला बांधायची कातडी पट्टी मिळाली नाही, तेव्हा जुन्या पट्ट्याचा तुकडा कापून घेतला आणि सुई कशी रेटायची ते दाखवलं. खांदा दुखत होता. मी म्हटलं, पुरे. "पुरे कसं? टीप परतवायची राहिलीय." नातीने हातांचा व्हिडिओ काढला, अगदी जवळून, तोंड न दाखवता. त्या दिवशी मुलगा घरी होता. तो दारात उभा राहून आईचे हात बघत होता. व्हिडिओ संपला तरी तिथेच होता. तो आजतागायत रेकॉर्डिंग ऐकत नाही. पण कॅनव्हासचं उरलेलं भेंडोळं त्याने फेकलं नाही, कपाटावर ठेवलं.

मावशी वसईला परत गेल्या. मी दर शनिवारी सकाळी बसून त्यांचं बोलणं मराठीत उतरवते. एका तासाच्या बोलण्याला मला सहा-सात तास लागतात. प्रती आता तीन आहेत, तीन वेगळ्या जागी. माझा नवरा थट्टा करतो, मी ती सोसते. उतरवून झालेलं मी फोनवर मावशींना वाचून दाखवते, कारण ती त्यांची अट आहे. त्यांना न वाचून दाखवलेलं एक पानही पक्कं धरायचं नाही.

परवा जहाजात शिरण्याचं पान वाचत होते. मी वाचलं, "तेव्हा मी घाबरले."

"थांब," पलीकडून आवाज आला. "मी असं नाय म्हटलं."

मी टेप मागे घेऊन ऐकली. त्यांचंच बरोबर होतं.

"भ्याले, म्हटलं मी. घाबरणं वेगळं. माणूस घाबरला की पळतो. मी भ्याले आणि आत गेले. तसं लिही."

मी खोडून तसं लिहिलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.

"आता पुढचं," मावशी म्हणाल्या.